पेशीपटलातून काय जातं, काय अडतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीचे विद्यार्थी, प्रात्यक्षिकं घेणारे शिक्षक आणि नीटची तयारी करणारी मुलं पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे आहेत. घरातल्या कोशिंबिरीबद्दलचे आणि गॅलरीतल्या कुंड्यांबद्दलचेही काही आहेत, कारण विषय तोच आहे. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. पदार्थाला वाट कुठली आहे आणि त्याला रेटा कशाचा आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र केले की उत्तर चुकतं.

पेशीपटल म्हणजे एक बारीक चाळणीच ना?

नाही. चाळणी फक्त आकार बघते. पेशीपटल आकारही बघतं, पण त्याआधी पदार्थाला पाणी आवडतं की तेल, हे बघतं. हे पटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं असतं. त्यात मेदरेणूंचे दोन थर असतात. रेणूंची पाण्याशी जमणारी डोकी बाहेरच्या बाजूंना आणि तेलकट शेपट्या आत, समोरासमोर. म्हणजे ओलांडायची मधली पट्टी तेलाची असते.

आता सोडियमचा आयन घ्या. तो ग्लुकोजपेक्षा कितीतरी लहान आहे, तरी या पट्टीतून त्याला जवळजवळ जाता येत नाही. त्याच्यावर विद्युतभार असल्यामुळे तो पाण्याचे रेणू अंगाला चिकटवून फिरतो आणि ते सोडून तेलात शिरणं त्याला फार महाग पडतं. उलट स्टेरॉइड संप्रेरकं ग्लुकोजपेक्षाही मोठी, पण मेदात विरघळणारी, म्हणून ती थेट आत जातात. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल यांनाही दरवाजा लागत नाही. जो पदार्थ तेलात जितका जास्त विरघळतो तितका तो पेशीत लवकर शिरतो, हे ओव्हरटन यांनी १८९० च्या दशकातच दाखवलं होतं. तेव्हा पटल कुणी पाहिलेलंही नव्हतं. मेदाच्या या थरात प्रथिनं तरंगत असतात, हे आज पाठ्यपुस्तकात असणारं चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलं.

विसरण, सुलभ विसरण आणि सक्रिय वहन यांतला फरक एका वाक्यात सांगा.

विसरणात वाट मेदथरातूनच असते आणि रेटा संहतीच्या फरकाचा असतो. सुलभ विसरणात रेटा तोच, पण वाट प्रथिनाची. सक्रिय वहनात वाट प्रथिनाची आणि रेटा बाहेरून आणलेल्या ऊर्जेचा, म्हणून चढावरही जाता येतं.

परीक्षेत ओळखायची खूण अशी: बाहेरची संहती वाढवत नेल्यावर वेग सरळ रेषेत वाढत राहिला तर साधं विसरण. एका संहतीनंतर आलेख आडवा झाला तर वाटेत वाहक प्रथिनं आहेत आणि ती सगळी कामात गुंतली आहेत. यावरून सक्रिय वहन सिद्ध होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. सुलभ विसरणाचा आलेखही आडवा होतो. सक्रिय वहन तपासायचं असेल तर पेशीचं एटीपी, म्हणजे तिला ऊर्जा पुरवणारं इंधन, बंद पाडून बघावं लागतं.

"पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातं" हे वाक्य बरोबर की चूक?

कशाची संहती ते सांगितलेलं नाही, म्हणून अर्धवट. संहती पाण्याची म्हणत असाल तर बरोबर, साखरेची म्हणत असाल तर नेमकं उलट. उत्तरपत्रिकेत सरळ लिहा: परासरणात, म्हणजे पटलातून पाणी ओलांडतं तेव्हा, पाणी कमी द्राव्य (विरघळलेला पदार्थ) असलेल्या बाजूकडून जास्त द्राव्य असलेल्या बाजूकडे जातं. बारावीला जलक्षमता शिकला असाल तर तोच शब्द वापरा, म्हणजे वादच मिटतो.

मधली पट्टी तेलाची, मग पाणी आत जातं कसं?

थोडं तेलातूनच झिरपतं, कारण पाण्याचा रेणू लहान आणि भाररहित असतो. पण मूत्रपिंडात किंवा लाल रक्तपेशीत पाणी ज्या वेगाने जातं त्याला हे झिरपणं पुरत नाही. तिथे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं असतात. पीटर अ‍ॅग्री यांच्या गटाने १९९२ च्या सुमारास ती दाखवून दिली आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका अ‍ॅक्वापोरिनमधून सेकंदाला अब्जावधी रेणू एकामागोमाग एक जातात आणि तरी हायड्रोजन आयन त्यांच्याबरोबर घुसू शकत नाही. तो घुसता तर पेशीचा पीएच सांभाळणं अशक्य झालं असतं.

विसरण आपोआप होतं, तर मग शरीराला हृदय आणि रक्तवाहिन्या कशाला?

अंतरामुळे. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यात ग्लुकोजचा रेणू १० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण एका पेशीइतकं अंतर, ०.०७ सेकंदाच्या आसपास ओलांडतो. तोच १ सेंटिमीटरला सुमारे २० तास घेतो आणि १ मीटरला वीस वर्षांहून जास्त. म्हणून शरीरातल्या बहुतेक पेशींपासून केशवाहिनी मायक्रोमीटरमध्ये मोजण्याइतक्या जवळ असते आणि पेशी आंब्याएवढ्या होत नाहीत.

बटाट्याच्या तुकड्यांचं प्रात्यक्षिक दर वेळी वेगळं उत्तर देतं. कुठे चुकतं?

हे प्रात्यक्षिक दिसायला सोपं आणि करायला चिवट आहे. आधी द्रावण बघू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

१ मोलर सुक्रोजसाठी ३४.२ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून मग एकूण द्रावण १०० मिलिलिटर करायचं. १०० मिलिलिटर पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर टाकायची नाही. साखर स्वतः सुमारे २१ मिलिलिटर जागा खाते, त्यामुळे तसं केलं तर द्रावण १ ऐवजी ०.८३ मोलरच्या आसपास होतं आणि त्यावरून केलेली सगळी विरलनं चुकतात. वाण्याकडची साधी पांढरी साखर चालते, ती जवळजवळ शुद्ध सुक्रोजच असते. ०.३ मोलरचं ५० मिलिलिटर हवं असेल तर मूळ द्रावण १५ आणि पाणी ३५ मिलिलिटर. अशी ०, ०.१, ०.२, ०.३, ०.४, ०.५ मोलरची सहा भांडी करा. पाणी खडकवासल्याचं नळाचं असलं तरी चालतं. त्यातले क्षार या साखरेच्या मानाने नगण्य असतात. बोअरचं जड पाणी मात्र टाळा.

मग बटाटा. सगळे तुकडे एकाच बटाट्यातून, कॉर्क बोअरने, ५ सेंटिमीटर लांबीचे, साल पूर्ण काढून. सालीतल्या बुचासारख्या थरातून पाणी जात नाही, त्यामुळे एका टोकाला जरी साल राहिली तरी तो तुकडा मागे पडतो. प्रत्येक भांड्यात तीन तुकडे टाका, एकावर विसंबू नका. कापल्याबरोबर वजन करा. वर्गात पंख्याखाली दहा मिनिटं तुकडे पडून राहिले तर पाणी तिथेच उडायला सुरुवात होते, आणि एप्रिल-मेमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत तर जास्तच.

द्रावणात किमान एक तास ठेवा, दोन तास ठेवलं तर उत्तम. रात्रभर ठेवायचं तर फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं साखरेचं पाणी सकाळपर्यंत फसफसतं आणि तुकडे बुळबुळीत होतात. बाहेर काढल्यावर प्रत्येक तुकडा टिपकागदावर सारख्याच पद्धतीने टिपा: दोनदा लोळवा, दाबू नका. एका मुलाने पिळून टिपलं आणि दुसऱ्याने नुसतं झटकलं, की निकालात परासरण कमी आणि मुलांचा स्वभाव जास्त दिसतो.

वजनातला बदल ग्रॅममध्ये नाही, टक्क्यांत काढा. आलेख शून्याची रेषा जिथे कापतो ती संहती बटाट्याच्या रसाशी समपरासारी, म्हणजे तिथे पाणी ना आत जातं ना बाहेर. ती बहुधा ०.२ ते ०.३५ मोलरच्या दरम्यान येते.

शेजारच्या गटाचं उत्तर ०.२२ आणि आमचं ०.३२. चुकलं कोण?

कदाचित कुणीच नाही. शीतगृहातून आलेल्या बटाट्यात स्टार्चची थोडी साखर झालेली असते, त्यामुळे त्याचा रस जास्त संहत असतो आणि आलेख उजवीकडे सरकतो. सातगाव पठारावरून आलेला नवा बटाटा आणि मंडईतला साठवणीचा बटाटा शेजारी ठेवून पाहा, एका तासिकेत छान तुलना होते. ०.३ मोलर सुक्रोजचा परासरणी दाब २७ अंश सेल्सिअसला सुमारे ७.५ बार येतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २.२ बार असतो. हा दाब पेशीपटल नव्हे, पेशीभित्तिका पेलते.

बटाट्याचं ऑस्मोमीटर (पोकळीत साखरेचं पाणी भरून पाण्यात ठेवलेला बटाटा) केलं, पण आतली पातळी चढलीच नाही.

तळ जाड राहिला असेल. पोकळीखाली ४-५ मिलिमीटरच गर ठेवा. दुसरं कारण म्हणजे टाचणीने आरपार भोक पडणं, मग साखरच बाहेर वाहते. आतलं द्रावण १५-२० टक्के साखरेचं घ्या आणि टाचणीची खूण त्याच्या पातळीला आतल्या भिंतीत तिरकी टोचा. शेजारी उकडलेल्या बटाट्याचं तसंच भांडं जरूर ठेवा. त्यात पातळी टिकून वर चढत नाही, कारण उकडल्यावर पटलं फाटलेली असतात आणि साखरेला अडवणारं कुणी उरत नाही. हे तुलनेचं भांडं नसेल तर प्रात्यक्षिकाने काही सिद्ध होत नाही.

रिओच्या पानात रससंकोच (पाणी बाहेर जाऊन पेशीद्रव्य भित्तिकेपासून आक्रसणं) दिसत नाही. मिठाचं पाणी किती तीव्र घ्यायचं?

३ टक्के मीठ पुरतं, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम. मिठाचा प्रत्येक रेणू दोन आयनांत फुटत असल्यामुळे ते परासरणाच्या हिशेबाने सुमारे १ मोलर साखरेसारखं वागतं. साखरच वापरायची असेल तर ०.५ मोलर घ्या. १० टक्के मिठाने रससंकोच झटकन होतो खरा, पण पेशी मरतात आणि पुढचा अर्धा प्रयोग हातून जातो.

रिओ म्हणजे बागांच्या कडेला लावतात ते झाड, पानं वरून हिरवी आणि खालून जांभळी. साल जांभळ्या बाजूची हवी. पान तिरकं फाडलं की कडेला पातळ जांभळा पापुद्रा सुटतो, तो पाण्याच्या थेंबात ठेवा. हिरवा गर चिकटून आला तर तो भाग टाकून द्या. आधी पाण्यातच पेशी पाहून घ्या. सगळा चौकोन जांभळा दिसायला हवा. मग काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या कडेला टिपकागद. पाच ते दहा मिनिटांत रंग कोपऱ्यांतून सुटून मध्ये गोळा होतो.

तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न: आक्रसलेलं पेशीद्रव्य आणि पेशीभित्तिका यांच्यामधल्या जागेत काय असतं? हवा नाही, पोकळी नाही. बाहेरचंच मिठाचं पाणी असतं, कारण पेशीभित्तिका ते अडवत नाही.

आता त्याच पद्धतीने साधं पाणी आत ओढा. जिवंत पेशी काही मिनिटांत पुन्हा भरतात. ज्या भरत नाहीत त्या एकतर मेलेल्या असतात किंवा पाणी तिथवर पोचलेलं नसतं. वेळ उरला तर एक जोड प्रयोग: मिठाऐवजी युरियाचं द्रावण घ्या. आधी रससंकोच होतो, मग पाणी न घालताच पेशी हळूहळू पूर्ववत होऊ लागते. युरिया सावकाश आत शिरतो आणि मागोमाग पाणी परततं. वाट आणि रेटा यांतला फरक इतका उघड दाखवणारं दुसरं स्वस्त प्रात्यक्षिक शोधून सापडणार नाही.

व्हिनेगरमधल्या अंड्याचा प्रयोग पेशीपटल दाखवतो का?

परासरण दाखवतो, पेशीपटल नाही. व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवसांत कवच विरघळतं आणि खाली राहतं ते प्रथिनांच्या तंतूंचं पटल. त्यात मेदाचा दुहेरी थर नाही, वाहक प्रथिनं नाहीत. अंडं पाण्यात फुगतं आणि साखरेच्या पाकात सुरकुततं, कारण पाणी जातं आणि आतली मोठी प्रथिनं जात नाहीत. ही खरोखरच चाळणी आहे. डायलिसिसची नळीही तशीच. विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर "पेशीपटलाची प्रतिकृती" लिहिण्याआधी विचार करा, परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

पटल फाटलं हे डोळ्यांनी कसं दाखवायचं?

बीट घ्या. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापा आणि पाणी रंगायचं थांबेपर्यंत धुवा, कारण कापताना फुटलेल्या पेशींचा रंग आधी जायला हवा. हे धुणं टाळलं की सगळ्याच नळ्या लाल. मग ३०, ४०, ५०, ६०, ७० अंशांच्या पाण्यात प्रत्येकी दहा मिनिटं. कमी तापमानाला पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं, पन्नाशीच्या पुढे एकदम रंगायला लागतं. बिटाचा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या रसाच्या पिशवीत असतो, त्यामुळे बाहेर यायला त्याला रिक्तिकेचं आणि पेशीचं अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. उष्णतेने प्रथिनं बिघडतात आणि मेदथर ढिला होतो, तेव्हा ती दोन्ही गळतात.

काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटतं ते का, आणि थांबवायचं कसं?

चिरल्यावर पृष्ठभागावर मीठ पडलं की तिथे अतिपरासारी, म्हणजे पेशीरसापेक्षा संहत, थर तयार होतो आणि पेशींतलं पाणी बाहेर येतं. उपाय दोनच. मीठ पानात वाढायच्या वेळी घाला, किंवा आधीच मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांनी काकडी पिळून घ्या. कैरीच्या लोणच्यात आपल्याला हेच पाणी हवं असतं. फोडींना आधी मीठ-हळद लावून सुटतो तो खार. इतक्या खारट द्रावणात बुरशी आणि जिवाणूंच्या पेशींचंही पाणी ओढलं जातं, म्हणून लोणचं टिकतं. ओला चमचा घातला की खार वरच्या वर पातळ होतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. घरातली मोठी माणसं ओरडतात ते उगाच नाही.

कुंडीत खत जास्त पडलं की रोप "जळतं" म्हणजे काय होतं?

मातीतलं पाणी मुळांतल्या रसापेक्षा संहत होतं आणि मुळांना पाणी ओढता येईनासं होतं. माती ओली असूनही पानांच्या कडा करपतात. अशा वेळी आणखी खत नको. कुंडीच्या दोन-तीनपट साधं पाणी सावकाश ओतून तळाच्या भोकातून निथळू द्या. मातीवर पांढरी साय दिसत असेल तर वरचा थर खरवडून काढा. विरघळणारं मिश्रखत कुंड्यांना लिटरला २-३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. पाटपाण्याच्या अतिरेकाने उसाच्या जमिनी खारवतात तिथेही मुळांची अडचण हीच.

सलाईन ०.९ टक्केच का? शुद्ध पाणी का नाही देत?

शुद्ध पाणी शिरेत गेलं तर लाल रक्तपेशी फुगून फुटतात. त्यांना पेशीभित्तिका नाही. लिटरला ९ ग्रॅम मीठ म्हणजे १५४ मिलिमोल. दोन आयन धरून ३०८, रक्ताच्या सुमारे २९० च्या जवळ. पेशी ०.९ च्या जरा खाली गेल्याबरोबर फुटत नाही, तिच्या बशीसारख्या आकारात फुगायला जागा असते. निरोगी रक्तात फुटायला सुरुवात ०.४५ ते ०.५ टक्क्यांच्या आसपास होते.

याचा उपयोग थॅलेसेमियाच्या प्राथमिक तपासणीत होतो. ०.३६ टक्के सलाईनच्या नळीत थोडं रक्त घालून अर्धा तास ठेवतात आणि नळीमागे कागदावरची काळी रेघ दिसते का ते बघतात. नेहमीच्या पेशी फुटतात, द्रावण पारदर्शक होतं, रेघ स्पष्ट दिसते. थॅलेसेमिया वाहकाच्या पेशी आकाराच्या मानाने रिकाम्या असल्यामुळे जास्त फुगू शकतात, फुटत नाहीत, म्हणून द्रावण गढूळ राहतं. ही फक्त चाळणी परीक्षा आहे, लोहाच्या कमतरतेतही रेघ पुसट दिसू शकते. निदानासाठी पुढची तपासणी लागतेच.

दोन्हीकडे कणांची संख्या सारखी असेल तर पेशीला काही होणार नाही ना?

होऊ शकतं. लिटरला १८ ग्रॅम युरियाचं द्रावण घ्या. ०.३ मोलर, कागदावर रक्ताशी बरोबरीचं. त्यात लाल पेशी टाकल्या की लगेच फुटतात. युरिया आत शिरतो आणि पाणी मागे येतं. बाहेरच्या बाजूने पाणी धरून ठेवायचं काम फक्त बाहेरच अडून राहणारा पदार्थ करू शकतो. म्हणून कण मोजून थांबू नका, ते कण पटल ओलांडतात का तेही विचारा. ५ टक्के डेक्स्ट्रोजची (म्हणजे ग्लुकोजची) बाटलीही अशीच फसवी: देताना रक्तपेशी सुरक्षित, पण ग्लुकोज पेशींनी वापरून टाकल्यावर मागे उरतं ते नुसतं पाणी.

ओआरएसमध्ये साखर कशाला? मीठ-पाणी पुरत नाही का?

नाही पुरत, आणि यामागचं कारण या पानावरचं सगळ्यात उपयोगी ज्ञान आहे. आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं. ते दोन सोडियम आयन आणि एक ग्लुकोज रेणू एकत्रच आत घेतं. सोडियम उतारावरून येतो आणि ग्लुकोजला ओढून नेतो. दोघांच्या मागे पाणी जातं. ग्लुकोज नसेल तर हा दरवाजा उघडत नाही. कॉलऱ्यात आतड्याच्या पेशींमधून क्लोराइड आणि त्यामागे पाणी बाहेर वाहतं, पण हा वाहक शाबूत राहतो. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी मोठ्या प्रमाणावर तोंडाने देऊन जीव वाचवले.

सध्याचं जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र एक लिटरला असं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. एकूण २०.५ ग्रॅम. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल येतात आणि एकूण परासारिता (सगळ्या विरघळलेल्या कणांची बेरीज) २४५, म्हणजे रक्तापेक्षा कमी. जुनं सूत्र ३११ चं होतं.

सर्वांत घातक चूक म्हणजे लिटरचं पाकीट पेल्याभर पाण्यात घालणं. द्रावण इतकं संहत होतं की पाणी आतड्यातून शरीरात जाण्याऐवजी शरीरातून आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. पाकिटावर २०० मिलिलिटर लिहिलंय की १ लिटर, ते वाचा. शीतपेयांत १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते, तीही याच कारणाने जुलाबात नको. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. शिगोशीग चमचा नाही. केलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून टाका. लहान बाळ सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील किंवा लघवी थांबली असेल तर चमच्याने पाजत दवाखाना गाठा.

सोडियम उतारावरून येतो म्हणता, मग तो उतार तयार कोण करतं?

सोडियम-पोटॅशियम पंप. येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना तो शोधला, नोबेल मिळालं १९९७ मध्ये. एका एटीपीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्यामुळे पेशीत सोडियम १२ मिलिमोलच्या आसपास आणि बाहेर १४५. पोटॅशियमचं उलट, आत १४० आणि बाहेर ४-५. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त एवढ्या एका कामात जातो. चेतापेशीच्या पटलावर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. ऐकायला किरकोळ, पण पटलाच्या जाडीने भागलं तर मीटरला १ कोटी व्होल्ट.

हा पंप बंद पडला तर काय होतं ते कण्हेर आणि बिट्टी या झाडांच्या विषात दिसतं. रस्त्याच्या दुभाजकांत आणि सोसायट्यांच्या कुंपणाला ती सर्रास असतात. त्यांतली द्रव्यं नेमका हाच पंप अडवतात. हृदयाच्या स्नायूत सोडियम साचतो, त्यामुळे कॅल्शियम वाढतं, ठोके बिघडतात आणि रक्तातलं पोटॅशियम चढतं. मुलांनी बिट्टीची बी तोंडात घातली तर वाट बघू नका, लगेच रुग्णालयात न्या.

अ‍ॅसिडिटीची गोळी जेवणाआधी का घ्यायला सांगतात?

पॅन्टोप्राझोलसारखी औषधं जठरातला हायड्रोजन पंप अडवतात. हा पंप रक्ताच्या मानाने सुमारे दहा लाखपट संहतीपर्यंत हायड्रोजन आयन ढकलतो. औषध चालू पंपालाच चिकटतं आणि पंप चालू होतात जेवताना. म्हणून अर्धा तास आधी.

पोटॅशियमच्या वाहिनीतून त्याहून लहान सोडियम का जात नाही?

लहान आहे म्हणूनच. वाहिनी म्हणजे पटलातल्या प्रथिनातला बोगदा. त्याच्या अरुंद भागात ऑक्सिजन अणूंची एक रांग असते. पोटॅशियम आयन अंगावरचं पाणी सोडून आत आला की हे ऑक्सिजन त्याला पाण्याइतक्याच जवळून धरतात, त्याचं नुकसान होत नाही. सोडियम बारीक, त्याला ते सगळे पोचत नाहीत, म्हणून तो आपलं पाणी सोडायला तयार नसतो. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या वाहिनीची रचना दाखवली. वेग सेकंदाला कोटीच्या घरात, आणि दहा हजार पोटॅशियमामागे फार तर एखादा सोडियम.

जिवाणूसारखी मोठी वस्तू पेशी आत कशी घेते?

पटलातून नाही, पटलासकट. पटल वस्तूभोवती लपेटून पिशवी तयार होते आणि आत तुटते. हे पेशीय भक्षण, उलटं झालं की उत्सर्जन. दोन्हींना ऊर्जा लागते.

घरातलं आरओ म्हणजे परासरणच का?

उलटं परासरण. परासरणी दाबापेक्षा जास्त दाब पंपाने दिला की पाणी क्षारांकडून शुद्ध बाजूला ढकललं जातं. पटल कृत्रिम असतं. नळाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं असेल तर आरओची गरज तपासून बघा. टँकर-बोअरची गोष्ट वेगळी.

पेशी गोठवून वर्षानुवर्षं ठेवतात, तेव्हा त्या फुटत कशा नाहीत?

पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचा राष्ट्रीय साठा आहे. अशा ठिकाणची रूढ पद्धत म्हणजे माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) १० टक्के डीएमएसओ हे गोठण्यापासून सांभाळणारं रसायन घालून मिनिटाला सुमारे १ अंश इतक्या संथ गतीने थंड करणं आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांपर्यंत. बर्फ आधी पेशीबाहेर बनतो, बाहेरचं उरलेलं द्रावण संहत होतं आणि पेशीतलं पाणी परासरणाने बाहेर येतं. फार भरभर थंड केलं तर पाण्याला बाहेर यायला वेळ मिळत नाही आणि बर्फाचे स्फटिक आतच होतात. फार सावकाश केलं तर पेशी संहत क्षारांत फार वेळ राहते. डीएमएसओ पटलातून आत जातो, म्हणून तो दोन्ही बाजूंनी सांभाळतो.

वितळवताना मात्र ३७ अंशांच्या पाण्यात कुपी हलवत एक-दोन मिनिटांत, झटपट. मग माध्यम थेंबाथेंबाने घालायचं, एकदम ओतायचं नाही. पेशीत अजून डीएमएसओ भरलेला असतो आणि पाणी त्याच्यापेक्षा लवकर आत शिरतं. गोठण्यातून वाचलेल्या पेशी इथे घाई केली की फुगून फुटतात.